नवख्याचा दुसरा डाव



इतिहासावर व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज मी ज्या प्रश्नाचा इतिहास आपणापुढे मांडणार आहे त्यात राजा नाही आणि तहही नाही. प्रश्न साधा आहे. अकरा माणसांचा संघ निवडावयाचा आहे; तर ज्याने मोठ्या मैदानावर अजून काहीच करून दाखविलेले नाही असा नवखा माणूस त्यात घ्यावा की घेऊ नये? प्रश्न क्रिकेटचा आहे, पण केवळ क्रिकेटचा नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळेत मी थोडके शिकलो. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा खेळाच्या इतिहासाकडेही मी त्याच फाटकावरून पाहणार, हे आपण गृहीत धरावे.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आपल्या बारामती-इंदापूर भागात घरोघर येऊन पोहोचला तो मोबाइल फोनवरून. आयपीएलचे सामने सुरू झाले की माळेगाव काय, भवानीनगर काय, वालचंदनगर काय, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर मुले फोनवर संघ मांडीत बसत. खेळाची रीत अशी : प्रत्यक्ष होणाऱ्या सामन्यातील दोन्ही संघांमधून अकरा खेळाडू आपण आपल्या मनाने निवडावयाचे. प्रत्येकाची एक किंमत ठरलेली, आणि सर्वांची मिळून किंमत शंभर क्रेडिटांच्या आत बसली पाहिजे. मैदानात त्या खेळाडूने धावा काढल्या, बळी घेतले, झेल टिपले, की आपल्या खात्यावर गुण जमा. ज्याला कर्णधार नेमावे त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. आता शंभर क्रेडिटांत सगळेच नामांकित बसत नाहीत. दोन-तीन मोठे घेतले की कोठे तरी स्वस्त माणूस शोधावा लागतो. आणि स्वस्त माणूस म्हणजे बहुधा नवखा. तो चालला तर निवडणाऱ्याची मान ताठ, न चालला तर एक जागा फुकट गेली. टपरीवरचा निम्मा वाद यावरच होई. पुढे या खेळात पैसा शिरला, आणि पगाराचे पाकीट त्यात रिकामे होऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे असले ऑनलाइन खेळ बंद केले. ते योग्यच झाले. परंतु पैसा गेला म्हणून वाद गेला नाही, कारण तो वाद फोनपेक्षा कितीतरी जुना आहे.

या कागदी संघांच्या खेळाचे मूळ आपल्याकडचे नव्हे. १९८० साली न्यूयॉर्क शहरात डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलवर असा खेळ मांडला. ज्या फ्रेंच उपाहारगृहात ते जमत त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ म्हणू लागले. पहिल्याच वर्षी मोठ्या मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूला तिकडे ‘रुकी’ म्हणतात, आणि आपल्या कागदी संघात रुकी घ्यावा की नाही यावर तेथील हौशी मंडळी हंगाम सुरू होण्याआधीच महिनोन् महिने खल करतात. म्हणजे टपरीवरचा वाद आणि न्यूयॉर्कचा वाद एकच आहे.

मात्र कागद आणि मैदान यांत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या व्याख्यानाचे सार त्या फरकातच आहे. कागदावरच्या संघात नवखा अपयशी ठरला तर निवडणाऱ्याचे चार गुण बुडतात. दुसऱ्या दिवशी अंगठ्याच्या एका स्पर्शाने तो नवखा काढून दुसरा घेता येतो. मैदानावर नवखा अपयशी ठरला तर कित्येकदा त्याचे सारे आयुष्यच दुसऱ्या वाटेला लागते. आपण नेहमी म्हणतो की नवख्याला घेऊन निवडणाऱ्याने धोका पत्करला. इतिहास पाहू गेल्यास धोक्याचा मोठा वाटा नवख्याच्याच पदरात पडलेला दिसतो. म्हणून माझे म्हणणे असे की नवखा अवश्य घ्यावा. पण त्याला दुसरा डाव देण्याची तयारी असेल तरच घ्यावा. आता हे इतिहासाच्या आधाराने पाहू.

आरंभ आपल्या पुण्यापासूनच करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात पालवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातील तरुण महिना चार रुपये पगारावर चाकरीस होता. खेळपट्टी लाटावी, रेषा आखाव्या, जाळी लावावी, ही त्याची कामे. त्यातून वेळ काढून तो साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्याच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत असे. म्हणजे या तरुणाचे कसब रोज सकाळी सर्वांच्या डोळ्यांपुढे सिद्ध होत होते. तरी हिंदूंच्या संघात त्याला घ्यावे की नाही यावर पुण्यात वाद माजला. वादाचे कारण त्याची गोलंदाजी नव्हते, त्याची जात होते. अखेर तो संघात आला, पण मैदानावर एकत्र खेळणारे गडी चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या पेल्यात चहा देत.

पुढे बाळू मुंबईस गेला, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला, आणि १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला त्यात त्याच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. इतके होऊनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्यास आले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळाले. यावरून पहिला धडा असा की ‘नवखा’ हा शब्द प्रत्येक वेळी खराच असतो असे नाही. कित्येकदा माणूस आपल्या कामात मुरलेला असतो; नवखा असतो तो केवळ निवडणाऱ्यांच्या नजरेला. नवख्याची परीक्षा घेण्यापूर्वी ही नजर तपासून पाहिली पाहिजे.

यानंतर आपण स्वातंत्र्योत्तर काळात येऊ. १९६९ साली भारतीय संघाच्या निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट होते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे दोन संघ लागोपाठ आपल्याकडे आले. त्या एका मोसमात मर्चंट यांच्या समितीने नव्या खेळाडूंना जेवढी दारे उघडली तेवढी क्वचितच कोणी उघडली असतील. चेतन चौहान, अशोक मांकड, अजित पै, अंबर रॉय, एकनाथ सोलकर, गुंडाप्पा विश्वनाथ, मोहिंदर अमरनाथ, हे सर्व त्याच मोसमात पहिली कसोटी खेळले. ही यादी आज वाचताना आपणास वाटते की काय दूरदृष्टी! पण यादी नीट पाहावी. यातील प्रत्येकाचे नशीब वेगळे निघाले, आणि ते केवळ त्याच्या गुणांमुळे वेगळे निघाले असे म्हणता येत नाही.

विश्वनाथचेच पाहा. नोव्हेंबर १९६९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो पहिल्यांदा खेळला. पहिल्या डावात शून्यावर बाद. त्या दिवशी संध्याकाळी फोनवरचे संघ असते तर विश्वनाथला किती जणांनी काढून टाकले असते याचा विचार करा. पण कसोटी सामन्याचा नियम दयाळू आहे. तो प्रत्येकाला दुसरा डाव देतो. कर्णधार पतौडी याने आपल्याला धीर दिला, असे विश्वनाथने पुढे अनेकदा सांगितले आहे. दुसऱ्या डावात त्याने १३७ धावा काढल्या आणि पुढची बारा-तेरा वर्षे तो भारतीय फलंदाजीचा आधार होऊन राहिला. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा तरुण काही अंधारातून उचललेला नव्हता. १९६७ साली म्हैसूरकडून रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात त्याने द्विशतक ठोकले होते. निवडणाऱ्यांनी सोंगटी फेकली नव्हती, खालच्या पायरीवरचे काम पाहूनच वरच्या पायरीवर घेतले होते.

आता त्याच यादीतील अजित पै यांचे नाव घ्या. मुंबईच्या या गोलंदाजाला न्यूझीलंडविरुद्ध एक कसोटी मिळाली; ती पहिली आणि तीच शेवटची. त्यांच्यात विश्वनाथाएवढे गुण होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणावयास मजजवळ आधार नाही. मी एवढेच म्हणतो की एका सामन्यावरून त्यांच्यात ते नव्हते असेही कोणाला सांगता यावयाचे नाही. चेतन चौहान हा आपल्या पुण्यात वाढलेला, महाराष्ट्राकडून खेळणारा सलामीचा फलंदाज. १९६९ मध्ये त्याला घेतले, लवकरच वगळले, आणि मधल्या एक-दोन संधी सोडल्या तर तो वर्षानुवर्षे बाहेर राहिला. १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो परत आला तेव्हा त्याची तिशी उलटली होती. त्यानंतर तो गावसकरचा भरवशाचा जोडीदार झाला. १९७९ मध्ये ओव्हलच्या मैदानावर या दोघांनी २१३ धावांची सलामी दिली. चौहानने एकंदर ४० कसोटी सामने खेळून दोन हजारांवर धावा काढल्या. म्हणजे १९६९ ची निवड बरोबर होती. चुकले ते पुढचे. त्या मधल्या आठ वर्षांचा हिशेब कोणत्या निवड समितीच्या नावावर मांडावयाचा? तो चौहानच्याच नावावर राहिला.

एकनाथ सोलकरची गोष्ट आम्हा कामगारांना विशेष जवळची. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणारे माळी. ज्या जिमखान्याकडून बाळू खेळला त्याच जिमखान्याच्या आवारातील झोपडीत हा मुलगा वाढला, सामन्याच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलण्याचे काम त्याने केले. बाळू खेळपट्टी लाटत होता, सोलकरचा बाप खेळपट्टी लाटत होता. पण मधल्या सत्तर वर्षांत एवढा फरक पडला होता की माळ्याच्या मुलाला आत घ्यावे की नाही यावर वाद झाला नाही. सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले, आणि तेही बहुतेक फलंदाजाच्या बॅटीपासून दोन-चार हातांवर उभे राहून. ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली त्या ओव्हलच्या सामन्यातील त्याचा झेल जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून आहे.

मर्चंट यांच्या धोरणाचा कळस १९७१ साली झाला. त्यांच्या निर्णायक मताने पतौडीच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाला आणि संघ वेस्ट इंडीजला निघाला. संघात एकवीस वर्षांचा सुनील गावसकर होता. बोटाच्या दुखण्यामुळे तो पहिली कसोटी खेळू शकला नाही. उरलेल्या चार कसोटींत त्याने ७७४ धावा काढल्या आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका पहिल्यांदा जिंकली. ‘नवख्याला घ्या’ असे म्हणणारे सर्वजण या ७७४ धावांचा दाखला देतात. पण त्याच दौऱ्यातील दुसरा आकडा ते विसरतात. तो आहे ६४२, आणि तो दिलीप सरदेसाईचा आहे. गोव्यात मडगावला जन्मलेला हा तिशीचा फलंदाज संपला असे पुष्कळांनी ठरवून टाकले होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले असताना सरदेसाई उभा राहिला आणि त्याने २१२ धावा काढल्या. त्याला साथ कोणाची होती? नवख्या सोलकरची, त्याने ६१ धावा काढल्या. जुन्या माणसाच्या सावलीत नवखा उभा राहिला, आणि नवख्याच्या आधाराने जुन्या माणसाला नवा जन्म मिळाला. पुढे त्याच सामन्यात वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची पाळी आली. ज्याला संघ बांधावयाचा आहे त्याने ही जोडी ध्यानात ठेवावी. निम्मा संघ नवख्यांचा केला तर प्रत्येक नवख्याच्या खांद्यावर सगळ्या संघाचे ओझे पडते, आणि तो ओझ्याने मोडला की आपण म्हणतो, त्यात दमच नव्हता.

गावसकरचाही आरंभ शून्यानेच झाला होता हे येथे सांगितले पाहिजे. मुंबईकडून रणजी करंडकाच्या पहिल्या सामन्यात तो भोपळा न फोडता परतला, आणि मामा माधव मंत्री निवड समितीत आहेत म्हणून भाच्याला घेतले, असे टोमणे मारले गेले. पुढच्याच सामन्यात त्याने शतक काढले. सचिन तेंडुलकरचे उदाहरण तर सर्वांच्या तोंडी असते. पंधराव्या वर्षी मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक, सोळाव्या वर्षी कसोटी. पण एकदिवसीय सामन्यांत तो पहिल्यांदा उतरला तेव्हा शून्यावर बाद झाला, दुसऱ्यांदा उतरला तेव्हाही शून्यावर बाद झाला, आणि त्या प्रकारातले त्याचे पहिले शतक सप्टेंबर १९९४ मध्ये, ७९ व्या सामन्यात आले. अठ्ठ्याहत्तर सामने कोणी तरी वाट पाहिली होती, हे आपण शतकांची गणती करताना विसरतो.

आता आपल्या अंगणात येऊ. शेजारच्या पुरंदर तालुक्यातील पारगाव मेमाणे या गावच्या घराण्यातला ऋतुराज गायकवाड. आयपीएलच्या २०१९ च्या मोसमासाठी चेन्नईच्या संघाने त्याला वीस लाख रुपयांस घेतले. आपणास रक्कम मोठी वाटेल, पण त्या बाजारात ती अगदी तळाची बोली होती. ते वर्ष त्याने बाकावर बसून काढले; एकही सामना मिळाला नाही. २०२० साली करोनामुळे सामने अरबस्तानातील अमिरातींत झाले. त्यातच त्याला त्या रोगाची बाधा झाली आणि सराव बुडाला. त्यानंतर तो मैदानात उतरला. पहिल्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद. दुसऱ्यात ५. तिसऱ्यात पुन्हा शून्य. तीन सामने, पाच धावा. कागदी संघवाल्यांनी त्याचे नाव केव्हाच पुसले होते. त्यानंतरच्या तीन सामन्यांत त्याने लागोपाठ तीन अर्धशतके काढली, आणि पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, ६३५ धावा करून तो साऱ्या स्पर्धेत पहिला आला. त्याचा संघ विजेता झाला. २०२४ मध्ये त्याच संघाचे कर्णधारपद त्याच्याकडे आले.

ही कथा येथवर सांगून टाळ्या घेता येतील. पण इतिहास सांगणाऱ्याने एक पाऊल पुढे गेले पाहिजे. चौथा सामना त्याला का मिळाला? त्या वर्षी चेन्नईचा संघ बहुतेक सर्व गमावून बसला होता. पुढच्या फेरीची आशा मावळली होती. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही उरले नाही तो नवख्यावर उदार होतो. संघ जिंकत असता तर चौथा सामना मिळाला असता काय, याचे उत्तर देणे कठीण आहे. नवख्याचा दुसरा डाव अशा रीतीने कित्येकदा योगायोगाने येतो. तो योगायोगावर न सोडता नियमाने द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

येथे एका गैरसमजाचेही निराकरण करतो. नवखा म्हणजे कोवळा असे समजले जाते. मुंबईचा प्रवीण तांबे हा फिरकी गोलंदाज एका जहाज कंपनीत नोकरी करून कचेरी-क्रिकेट आणि क्लबांचे सामने खेळत राहिला. २०१३ साली राजस्थानच्या संघाने त्याला घेतले तेव्हा त्याचे वय ४१ होते, आणि तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. पुढच्या वर्षी त्याने कोलकात्याविरुद्ध लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची लेक किरण नवगिरे ही आधी भालाफेक करणारी. २०२२ साली तिने नागालँडकडून खेळताना वीस षटकांच्या सामन्यात एकटीने १६२ धावा काढल्या. २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगमधील पहिल्याच सामन्यात तिने अर्धशतक केले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. वीस-वीस वर्षे चेंडू टाकणारा माणूस नवखा कसा? बाळूच्या बाबतीत जे म्हटले तेच येथे म्हणावे लागते : नवी होती ती पाहणाऱ्याची नजर.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो स्वस्ताईचा आहे. टपरीवरचा मुलगा नवखा का घेत असे? त्याच्या गुणांवर विश्वास होता म्हणून थोडे वेळा. स्वस्त होता म्हणून पुष्कळ वेळा. खरे मालकही याहून वेगळे वागत नाहीत. अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. नव्या खेळाडूंची वाटणी करणारी ‘ड्राफ्ट’ ही पद्धत तेथे १९६५ मध्ये सुरू झाली. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच बोलणी करावयाची, आणि करार झाला की त्या संघाची मालकी जवळजवळ जन्माची. १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मार्विन मिलर या माणसाला प्रमुख नेमले. तो आला होता पोलाद कामगारांच्या युनियनमधून! त्याने दोन वर्षांत मालकांशी पहिला सामुदायिक करार केला आणि खेळाडूचे किमान वार्षिक वेतन सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर नेले. १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने जन्माची मालकी मोडली. तरी नवख्याला पूर्ण मोकळीक मिळावयास सहा वर्षांची सेवा व्हावी लागते, ती अट टिकली. म्हणजे गडी जेव्हा सर्वांत जोमात असतो ती वर्षे मालकाला स्वस्तात मिळतात. रुकी घेणे हा तेथे गुणपारखीइतकाच हिशेबाचा भाग आहे.

आमच्या फाटकावर हा हिशेब नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार असे. सकाळी त्याने दारात यावयाचे; कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते त्याच्या साच्यावर उभे राहावयाचे; नसेल तर घरी परत. काम तेच, यंत्र तेच, पण नाव नवख्याचे. कित्येकांची उमर बदली म्हणूनच सरली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करावे ही मागणी होती, हे विसरता कामा नये. उलट १९४६ च्या कायद्याखाली केंद्र सरकारने जे आदर्श स्थायी आदेश काढले त्यांत प्रोबेशनवरच्या माणसाची मुदत तीन महिने ठरविलेली होती. यामागील विचार पाहा. माणूस एका दिवसात पारखता येत नाही, म्हणून त्याला तीन महिने द्या. आणि त्याला जन्मभर पारखत बसता येत नाही, म्हणून तीन महिन्यांनंतर निकाल द्या. नवख्याविषयी याहून शहाणा नियम मला कोणत्याही निवड समितीच्या इतिहासात आढळला नाही.

आपल्या साखर कारखान्यांत आणखी एक चांगली रीत आहे. गव्हाणीत पहिली मोळी पडली की हंगाम सुरू, आणि ऊस संपला की हंगामी कामगार घरी. पण घरी बसलेल्या त्या काळाचा काही भत्ता त्याला मिळतो. त्याला रिटेन्शन म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की बाबा रे, पुढच्या हंगामाला तू आमचाच आहेस. पॅन हाउसमध्ये रसाचा दाणा केव्हा धरला हे डोळ्यांनी ओळखणारा माणूस एका हंगामात तयार होत नाही. दोन-तीन हंगाम जुन्या जाणत्याच्या शेजारी उभे राहिल्यावर त्याची नजर तयार होते. जाणता निवृत्त होण्याच्या दिवशीच नवा पोरगा पॅनवर उभा करणारा कारखाना साखर बिघडली म्हणून पोराला दोष देईल. पण दोष पोराचा नाही, हे आपण सर्व जाणता. सरदेसाई आणि सोलकर यांची जोडी आमच्या पॅन हाउसमध्येही लागतेच.

तेव्हा ज्यांना अजूनही बिनपैशाचे कागदी संघ मांडण्याची हौस आहे त्यांना या इतिहासावरून चार गोष्टी सांगता येतील. नवखा घ्यावा, पण एक किंवा दोन. सगळा संघ त्यांच्यावर उभारू नये. त्याचे खालच्या पायरीवरचे काम पाहावे. विश्वनाथचे द्विशतक कानपूरच्या आधीचे होते. त्याला काम करावयास जागा आहे की नाही हे पाहावे. सातव्या क्रमांकावर पाठविलेल्या फलंदाजाला किंवा एकच षटक मिळालेल्या गोलंदाजाला गुण कोठून मिळणार? आणि पहिल्याच दिवशी त्याच्यावर कर्णधारपदाचे दुप्पट ओझे टाकू नये. एवढे करूनही तो पडला, तर दोन-तीन सामने थांबावे.

पण ही झाली खेळाची गोष्ट. बारामतीच्या आंबेडकर स्टेडियमवर २०२० साली महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांचा रणजी सामना झाला, तेव्हा आपल्या तालुक्यांतील मुलांनी मोठे क्रिकेट घराजवळ पाहिले. त्यांतील एखादा उद्या निवडीच्या रांगेत उभा राहील. त्याच्या कितीतरी पट अधिक मुले औद्योगिक वसाहतीच्या दारात, कंत्राटदाराच्या यादीत, बँकेच्या परीक्षेत, शाळेच्या मुलाखतीत उभी राहतील. त्यांच्यापुढे बसलेले निवडणारे आपल्यातलेच असतील; कदाचित या सभागृहातलेच असतील. त्या दिवशी आपण नवख्याचे नाव यादीत घालताना स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. याला मी गुणासाठी घेत आहे की स्वस्त म्हणून? आणि पहिल्या डावात हा शून्यावर बाद झाला, तर दुसऱ्या डावाला मी याच्या पाठीशी उभा राहीन काय? दोन्हींची उत्तरे मनाजोगती आली तर निःशंकपणे घ्यावे. नाही आली, तर त्या मुलाच्या आयुष्यातील वर्षे आपल्या हिशेबात खर्ची घालण्याचा अधिकार आपणास नाही, एवढे नम्रपणे सांगून मी आपली रजा घेतो.